लूनार लेक: इंटेलने नफ्यावर पाणी सोडून घडवलेली चिप

‘कोअर अल्ट्रा २००व्ही’ या अधिकृत नावापेक्षा ‘लूनार लेक’ या विकासकाळातील नावाने अधिक ओळखली जाणारी आणि सप्टेंबर २०२४ मध्ये बाजारात आलेली इंटेलची प्रोसेसर-मालिका ही पातळ, हलक्या लॅपटॉपांसाठी या कंपनीने गेल्या दहा वर्षांत केलेली सर्वांत चांगली कामगिरी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही तिचे परीक्षण वेग आणि वीज यांच्या तक्त्यांपाशी थांबवणे मला योग्य वाटत नाही. ज्या तिमाहीत ही चिप दुकानांत पोहोचली, त्याच तिमाहीत इंटेलला १६.६ अब्ज डॉलरचा तोटा झाला. आणि तो निकाल मांडतानाच तेव्हाचे मुख्याधिकारी पॅट गेल्सिंगर यांनी, या चिपचे सर्वांत वेगळे वैशिष्ट्य, म्हणजे प्रोसेसरला खेटून बसवलेली मेमरी, पुढच्या पिढ्यांत असणार नाही, असे गुंतवणूकदारांना सांगून टाकले. ग्राहकाला जे हवे होते ते कंपनीने अखेर दिले आणि देताच ते पुन्हा न देण्याचे ठरवले. इंटेल का घसरली आणि ती सावरू शकेल का, हे समजून घ्यायचे तर या विसंगतीपासूनच सुरुवात करावी लागते.

आधी चिपकडे पाहू. लूनार लेकमध्ये एकूण आठ कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे गणना करणारे घटक, आहेत: जड कामासाठी ‘लायन कोव्ह’ जातीचे चार आणि कमी विजेत चालणारे ‘स्कायमाँट’ जातीचे चार. एका कोअरवर एकाच वेळी दोन धागे, म्हणजे कामांचे दोन प्रवाह, चालवणारे हायपरथ्रेडिंग, जे इंटेलने वर्षानुवर्षे मिरवले, ते इथे काढून टाकले आहे. लेखन, पत्रव्यवहार, वेबपाने, बैठका अशी रोजची कामे चिप शक्यतो स्कायमाँट कोअरवरच ठेवते आणि ते कमी पडू लागले की मगच मोठे कोअर जागे करते. मागच्या पिढीतील कमी-विजेचे कोअर इतके दुबळे होते की काम त्यांच्यावर क्षणभरच टिकत असे. स्कायमाँट मात्र बहुतेक दिवस एकट्याने निभावून नेऊ शकतो. मध्यम श्रेणीतील कोअर अल्ट्रा ७ २५८व्ही या चिपची मूळ वीजमर्यादा १७ वॅट आणि कमाल ३७ वॅट आहे, आणि या मर्यादेत मिळणारा एका कोअरचा वेग खरोखर उत्तम आहे.

सर्वांत धाडसी निर्णय मेमरीचा आहे. सामान्यतः लॅपटॉपची मेमरी प्रोसेसरपासून दूर, मदरबोर्डवर असते. लूनार लेकमध्ये १६ किंवा ३२ जीबी एलपीडीडीआर५एक्स मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये, त्याला खेटून बसवली आहे. अंतर घटल्यामुळे माहितीची ने-आण करण्यासाठी लागणारी वीज कमी होते. मेमरीशी बोलणाऱ्या परिपथाची वीज यामुळे ४० टक्क्यांपर्यंत वाचते, असे इंटेलने सांगितले होते. ॲपलने २०२० मध्ये इंटेलला सोडून स्वतःची एम१ चिप आणली, तेव्हा हाच मार्ग घेतला होता. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा धडा गिरवायला इंटेलला चार वर्षे लागली. पण गिरवला तो मनापासून गिरवला.

२५८व्ही असलेला लॅपटॉप वापरताना याचा परिणाम लगेच जाणवतो. सकाळी चार्जर काढला की साध्या कामात संध्याकाळपर्यंत त्याची आठवण होत नाही. झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप दुसऱ्या दिवशी उघडावा तर बॅटरी जवळजवळ होती तेवढीच असते. विंडोज लॅपटॉपांच्या बाबतीत ही गोष्ट अनेक वर्षे स्वप्नवत होती. पंखा बहुतेक वेळ शांत असतो. आर्क १४०व्ही हे अंगभूत ग्राफिक्स, त्याच्या आठ एक्सई२ कोअरसह, रेखाचित्रे, चित्रफितींचे संपादन आणि बऱ्याच खेळांसाठी पुरेसे आहे, आणि इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर पूर्वी जो अविश्वास वाटे तो बऱ्याच अंशी कमी झाला आहे. इंटेल आणि तिची प्रतिस्पर्धी एएमडी वापरतात ती एक्स८६ ही रचनाच मुळी वीज खाणारी आहे आणि बॅटरी हवी असेल तर आर्म या दुसऱ्या रचनेकडेच गेले पाहिजे, असा जो समज ॲपलच्या चिपांनंतर आणि २०२४ च्या उन्हाळ्यात आलेल्या क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्सनंतर रूढ झाला होता, तो या एका चिपने खोडून काढला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणनेसाठी एनपीयू हा वेगळा भाग आहे आणि जाहिरातीत त्याचा डांगोरा बराच पिटला गेला. रोजच्या कामात त्याचा उपयोग अजून थोडाच आहे.

मर्यादाही स्पष्ट आहेत. आठ कोअर आणि आठच धागे असल्यामुळे मोठे प्रोग्रॅम कंपाइल करणे, त्रिमितीय चित्रे रेंडर करणे अशा सगळे कोअर एकाच वेळी जुंपणाऱ्या कामांत ती एएमडीच्या समकालीन रायझन एआय ३०० मालिकेच्या मागे राहते. मेमरी पॅकेजमध्येच असल्यामुळे ती नंतर वाढवता येत नाही आणि ३२ जीबीच्या वरचा पर्यायच उपलब्ध नाही. अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्यांसाठी किंवा मोठी भाषिक मॉडेले लॅपटॉपवरच चालवून पाहणाऱ्यांसाठी ही चिप नाही.

आता ती कुणी बनवली, याकडे येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे. लूनार लेकचा प्रोसेसर असलेला मुख्य भाग तैवानच्या टीएसएमसी या कंपनीच्या ३ नॅनोमीटर वर्गातील एन३बी या उत्पादन-प्रक्रियेवर तयार होतो आणि बाह्य जोडण्या सांभाळणारा दुसरा भागही टीएसएमसीच्याच एन६ प्रक्रियेवर. इंटेलचा वाटा खालचा पाया आणि सगळे भाग एकत्र बसवण्याचे ‘फोव्हेरोस’ तंत्र एवढाच. जगातील सर्वोत्तम कारखाने आपलेच, या एका विधानावर जिची ओळख उभी होती त्या कंपनीची सर्वोत्तम लॅपटॉप चिप दुसऱ्याच्या कारखान्यात जन्मली. त्याच सुमारास डेस्कटॉपसाठीच्या ‘ॲरो लेक’करता राखलेली स्वतःची २०ए प्रक्रिया इंटेलने बाजारात आणण्याआधीच रद्द केली आणि तेही काम टीएसएमसीकडे दिले. तैवानच्या स्थैर्याविषयी गेल्सिंगर यांनी जाहीरपणे शंका घेतल्यानंतर टीएसएमसीने इंटेलला दिलेली सुमारे ४० टक्क्यांची सवलत काढून घेतली, असे वृत्त रॉयटर्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिले होते. ज्याच्या दारात काम घेऊन उभे राहायचे त्याच्याविषयी तोंडाळपणा परवडत नाही, एवढे साधे भानही तेव्हाच्या नेतृत्वाला राहिले नव्हते.

मेमरीचा खर्च हा आणखी वेगळा. ती इंटेल बनवत नाही; दुसऱ्यांकडून विकत घेऊन पॅकेजमध्ये बसवते आणि तिच्यावर फारसा नफा ठेवता येत नाही. म्हणजे चिपची किंमत वाढते, विक्रीचा आकडा फुगतो, पण शंभर डॉलरच्या विक्रीमागे उरणारा नफा घटतो. म्हणूनच गेल्सिंगर यांनी पॅकेजमधील मेमरीला एकदाच केलेला प्रयोग ठरवले. सुरुवातीला लूनार लेक ही निवडक लॅपटॉपांसाठीची छोटी मालिका होती. कृत्रिम बुद्धिमत्तेची कामे स्वतःच करणाऱ्या संगणकांची, म्हणजे एआय पीसीची, लाट आली, मागणी अपेक्षेपेक्षा वाढली, आणि जितकी मागणी वाढली तितके नफ्याचे प्रमाण खाली आले. ग्राहकाच्या पसंतीमुळे ताळेबंद बिघडतो, अशी स्थिती एखाद्या कंपनीवर यावी, हे मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत बोलके वास्तव वाटते.

कारण इंटेलच्या हातून निसटलेल्या संधींकडे पाहिले तर बहुतेक ठिकाणी नफ्याचे प्रमाण जपण्याचे हेच कारण पुन्हा पुन्हा भेटते. पहिल्या आयफोनसाठी चिप देण्याची संधी तिला मिळाली होती. तेव्हाचे मुख्याधिकारी पॉल ओटेलिनी यांनी २०१३ मध्ये पद सोडताना सांगितले की, ॲपल देऊ करत असलेली किंमत इंटेलच्या अंदाजित उत्पादनखर्चापेक्षा कमी होती म्हणून त्यांनी नकार दिला; पुढे तो खर्चाचा अंदाजही चुकीचा ठरला आणि विक्री कुणीही कल्पना केली नव्हती इतकी, त्यांच्या शब्दांत शंभरपट झाली. त्याआधीच, २००६ मध्ये, आर्म रचनेवर आधारलेला एक्सस्केल हा मोबाइल चिपांचा व्यवसाय इंटेलने मार्व्हेल या चिप कंपनीला ६० कोटी डॉलरला विकून टाकला होता. मोबाइलच्या चिपा स्वस्त होत्या आणि सर्व्हर व संगणकांच्या चिपांवर भरघोस नफा मिळत होता. त्या नफ्याच्या तुलनेत प्रत्येक नवा व्यवसाय किरकोळ दिसला. लॅराबी हे ग्राफिक्स चिपचे उत्पादन २००९ च्या अखेरीस बाजारात येण्यापूर्वीच थांबवले गेले, आणि पुढे ज्या समांतर गणनेवर एन्व्हिडियाने कृत्रिम बुद्धिमत्तेचे साम्राज्य उभारले, तिथे इंटेलकडे सातत्याने पुढे नेलेले असे काहीच उरले नाही. नर्व्हाना ही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपांची कंपनी २०१६ मध्ये विकत घेतली, २०१९ मध्ये तशीच हबाना सुमारे २ अब्ज डॉलरला घेतली आणि नर्व्हानाचे काम गुंडाळले. हबानाच्या गौडी चिपांकडून २०२४ मध्ये ५० कोटी डॉलरच्या विक्रीची अपेक्षा होती. तेवढीही ती झाली नाही. त्याच वर्षी एन्व्हिडियाची एकेका तिमाहीची विक्री अब्जावधी डॉलरमध्ये मोजली जात होती.

कारखान्यांमधील अपयश मात्र याच सूत्रात पूर्णपणे बसत नाही आणि ते ओढूनताणून बसवू नये. १४ नॅनोमीटर प्रक्रिया २०१४ मध्ये आली. १० नॅनोमीटरने त्यानंतर दोनेक वर्षांत यायला हवे होते, पण ती मोठ्या प्रमाणावर २०१९ मध्ये अवतरली. एकाच पिढीत ट्रान्झिस्टरची घनता पूर्वीपेक्षा किती तरी अधिक वाढवण्याचा अट्टाहास, तोही ईयूव्ही या अतिसूक्ष्म तरंगलांबीच्या प्रकाशाने छपाई करणारी यंत्रे न वापरता जुन्या यंत्रांनी एकाच थरावर पुन्हा पुन्हा छपाई करून, हे त्या विलंबाचे मूळ होते. यातला दैवदुर्विलास असा की, ही यंत्रे बनवणाऱ्या डच कंपनी एएसएमएलमध्ये इंटेलने २०१२ मध्येच कित्येक अब्ज डॉलर गुंतवले होते. ईयूव्हीवर मोठ्या प्रमाणात उत्पादन टीएसएमसीने २०१९ मध्ये सुरू केले. ईयूव्ही वापरणारी इंटेलची पहिली चिप डिसेंबर २०२३ मध्ये आली. हा अभियांत्रिकी अहंकाराचा दोष होता. मात्र याच काळात स्वतःचेच समभाग परत विकत घेण्यावर कंपनीने प्रचंड पैसा घातला, हे विसरता येत नाही. नफ्याचे प्रमाण टिकवण्याची सवय आणि कारखान्यांची ढिलाई या दोन गोष्टी एकमेकींना पोसत राहिल्या.

यावर उपाय म्हणून कारखाने वेगळे काढावेत आणि इंटेलने केवळ चिपांची रचना करावी, असे सुचवणारे अनेक जण आहेत, आणि ते एएमडीचा दाखला देतात. एएमडीने २००९ मध्ये कारखाने वेगळे केले, हे खरे; पण ती सावरली ती २०१७ मध्ये झेन रचना आल्यावर, म्हणजे आठ वर्षांनी. मधल्या काळात लिसा सू यांनी २०१४ च्या अखेरीस सूत्रे हाती घेऊन उत्पादने कमी केली, एकाच रचनेवर पैसा लावला आणि दिलेले वेळापत्रक पाळले. घेण्यासारखा धडा या चिकाटीत आहे. कारखान्यांचा त्याग हा त्याचा एक भाग झाला. लूनार लेकने दाखवले की टीएसएमसीकडून चिप करून घेऊन इंटेल चांगले उत्पादन देऊ शकते, पण त्याचबरोबर हेही दाखवले की त्या मार्गावर नफा फारसा उरत नाही आणि भावाची दोरी दुसऱ्याच्या हाती जाते. शिवाय अत्याधुनिक प्रक्रिया स्वतः विकसित करून त्यावर प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्या जगात टीएसएमसी, सॅमसंग आणि इंटेल अशा तीनच उरल्या आहेत. त्यातली एक बंद पडली तर प्रत्येक चिपग्राहकाची निवड आणखी आक्रसेल.

म्हणून सावरण्याचा रस्ता कारखान्यांतूनच जातो, असे मला वाटते, आणि तो लांब व खर्चिक आहे. १८ए या प्रक्रियेत इंटेलने दोन मोठे बदल एकत्र आणले आहेत. रिबनफेट या रचनेत ट्रान्झिस्टरच्या वाहिनीला गेट, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणारा भाग, चारही बाजूंनी वेढतो, त्यामुळे वीजगळतीवर नियंत्रण येते. आणि पॉवरव्हियामध्ये वीज पुरवणाऱ्या तारा सिलिकॉनच्या मागच्या बाजूने आणल्या जातात, त्यामुळे पुढच्या बाजूला संकेतांच्या तारांना मोकळी जागा मिळते. ॲरिझोनातील चँडलर येथील फॅब ५२ मध्ये या प्रक्रियेवर ‘पँथर लेक’ तयार होत असल्याचे कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. लूनार लेकचा वारसा सांगणारी ही चिप पुन्हा मुख्यतः इंटेलच्या कारखान्यात आली आहे. तिच्या मोठ्या ग्राफिक्सचा भाग मात्र अजून टीएसएमसीचाच आहे आणि मेमरी, ठरल्याप्रमाणे, पॅकेजच्या बाहेर गेली आहे.

केवळ स्वतःच्या चिपा करून हे कारखाने चालणार नाहीत. एकेका कारखान्याला लागणाऱ्या अब्जावधी डॉलरचा घसारा भरून काढायचा तर बाहेरचे ग्राहक हवेत, आणि इंटेलच्या फाउंड्री, म्हणजे कारखाने चालवून इतरांच्याही चिपा बनवणाऱ्या, विभागाला २०२३ मध्ये सुमारे ७ अब्ज आणि २०२४ मध्ये १३ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला तो मुख्यतः त्यांच्या अभावी. मार्च २०२५ मध्ये आलेले मुख्याधिकारी लिप-बू टॅन यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये स्पष्ट केले की, १८एच्या पुढची १४ए प्रक्रिया मोठा बाह्य ग्राहक मिळाला तरच पूर्णत्वाला नेली जाईल. जर्मनी आणि पोलंडमधील नियोजित प्रकल्प रद्द झाले, ओहायोतील बांधकामाचा वेग कमी केला गेला. पैशाची शिस्त म्हणून मी हे समजू शकतो. पण ज्याच्या मनात आधीच शंका आहे त्या ग्राहकाला ‘तुम्ही आलात तरच आम्ही पुढे जाऊ’ असे सांगणे म्हणजे त्याच्या शंकेला दुजोरा देणे आहे. चिप रचणारी कंपनी आपल्या उत्पादनाची तीन-चार वर्षे एका प्रक्रियेच्या हवाली करते. ती प्रक्रिया अस्तित्वात असेलच, ही खात्री तिला सर्वांत आधी हवी असते. रद्द झालेली २०ए आणि रखडलेली १० नॅनोमीटर कुणी विसरलेले नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने ८.९ अब्ज डॉलरच्या बदल्यात इंटेलचा सुमारे १० टक्के हिस्सा घेतला, सॉफ्टबँकेने २ अब्ज डॉलर गुंतवले आणि सप्टेंबरमध्ये एन्व्हिडियाने ५ अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले. एन्व्हिडियाशी झालेल्या करारात तिच्या ग्राफिक्ससह संगणकांच्या चिपा आणि डेटा सेंटरसाठी खास प्रोसेसर बनवण्याची योजना आहे, मात्र एन्व्हिडिया स्वतःच्या चिपा इंटेलच्या कारखान्यात छापून घेईल, असे वचन त्यात नव्हते. हा पैसा इंटेलला वेळ देतो. विश्वास मात्र तिला लहान कामे घेऊन, ती वेळेत आणि प्रत्येक वेफरमागे, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीमागे, पुरेशा निर्दोष चिपा देऊन मिळवावा लागेल, आणि सुरुवातीची काही वर्षे त्या कामांवर जवळजवळ नफा न घेण्याची तयारी ठेवावी लागेल. १९८५ मध्ये जपानी स्पर्धेपुढे मेमरी चिपांचा व्यवसाय सोडून प्रोसेसरकडे वळताना, म्हणजे ज्या उत्पादनावर कंपनी मोठी झाली तेच टाकून देताना, कंपनीचे तेव्हाचे प्रमुख अँडी ग्रोव्ह आणि गॉर्डन मूर यांनी पुढच्या वर्षीचा तोटा पत्करला होता. त्यानंतर इतका कठीण निर्णय घेण्याची वेळ कंपनीवर आताच आली आहे. कर्मचारी-कपातीने तिमाहीचे आकडे सुधारतात. पण स्कायमाँटसारखा कोअर घडवणारे आणि १८एमधील दोष शोधणारे अभियंतेच त्या कपातीत निघून गेले, तर सावरायचे कशाच्या बळावर, हा प्रश्न टॅन यांना विचारलाच पाहिजे.

खरेदी करणाऱ्याला माझा सल्ला असा. दिवसभराची बॅटरी, शांतता आणि हलके वजन हवे असेल, तर लूनार लेक आजही निःशंकपणे घ्यावी. नवी पिढी आल्यामुळे तिचे लॅपटॉप कमी दरात मिळत असतील तर अधिकच. जास्त कोअर किंवा ३२ जीबीपेक्षा अधिक मेमरी लागणाऱ्यांनी पँथर लेक किंवा एएमडीकडे पाहावे. मालिकेतील सर्वांत महाग कोअर अल्ट्रा ९ २८८व्हीसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही, कारण तिचा फायदा थोडक्या वेगापुरता आहे आणि तिची मूळ वीजमर्यादा ३० वॅटची आहे. निवड २५८व्हीची करावी. २५६व्ही ही तिच्यासारखीच आहे, पण तिच्यात १६ जीबी मेमरी आहे आणि ती पुढे कधीच वाढवता येणार नसल्याने, काही वर्षे लॅपटॉप वापरायचा असेल तर ती टाळलेली बरी.